चौदावी बाब

घर खोटं बोलत नाही. माणूस फिरतो, शब्द फिरतो, वारा तर दिवसातून चारदा फिरतो. पण चार भिंती जिथे उभ्या केल्या तिथेच उभ्या राहतात आणि विचारणाऱ्याला आहे ते सांगतात. गवंड्याच्या घराचा पुढचा दरवाजा मात्र बाहेरून पक्का कुलूपबंद दिसायचा आणि खालच्या कोपऱ्यात पायाचा अंगठा टेकवला की उघडायचा. गेली नऊ वर्षं घरची माणसं तशीच ये-जा करत होती. कुलूप वापरात नसल्यामुळे नव्यासारखं राहिलं होतं.

घर विकायला काढलं होतं, ते काही हौसेनं नाही. सुगी उरकली की गावात बांधकामं निघतात. तशाच एका बांधकामावर गवंडी परांचीवरून पडला. पडला तोही उंचावरून नाही, माणसाच्या उंचीवरून. पण डावा गुडघा जो आखडला तो वाकेना. घर गावाच्या चढावर. गाडी खालीच थांबायची आणि तिथून पुढे सगळं डोक्यावर. खाली रस्त्याला लागून वीटभट्टीवाल्याची सपाट जागा विकायची होती आणि तिच्यावर पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये बसल्या जागी कुंपणाचे सिमेंटचे खांब ओतता आले असते. साचा, माल, पाणी, सगळं हाताशी. भट्टीवाला महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता. त्याच्यापुढे नाही.

गिऱ्हाईक मिळालं ते दवाखान्यातला कंपाउंडर. घर त्याला पसंत होतं, बायकोला पसंत होतं. बँकेला तपासणी हवी होती. म्हणून तपासनीस आला.

तपासनीस पन्नाशीचा, टोपी घातलेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात एवढीशी हातोडी. प्रत्येक भिंतीजवळ जाई, टकटक करी, कान लावी आणि भिंतीनं काहीतरी वाईट सांगितल्यासारखा चेहरा करून लिही. गवंडिणीनं मनातल्या मनात त्याचं नाव टकटक्या ठेवलं. चहा देताना ते तोंडातून निसटता निसटता राहिलं. गवंडी काठी टेकत त्याच्या मागोमाग फिरत होता. गावातल्या निम्म्या भिंती ज्याच्या हातच्या, तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा दारादारात थांबत होता.

माळ्याच्या जिन्यावर तपासनीस अडखळला. चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच होती. संपूर्ण तपासणीत ठेच लागून सापडलेला तेवढा एकच दोष.

"बांधकाम कुणाचं?" गुडघा चोळत त्यानं विचारलं.

"होता एक गवंडी," गवंडी म्हणाला. "आता काम करत नाही."

"बरंय," तपासनीस म्हणाला, आणि पायरी लिहून घेतली.

गवंडीण चुलीपाशी होती. तिनं हे ऐकलं आणि हातातलं पातेलं गरजेपेक्षा जरा जोरात खाली ठेवलं.

तीन दिवसांनी कंपाउंडर यादी घेऊन आला. एकंदर बाबी तेवीस. पहिली दरवाजाची. मग पन्हळ उलट्या उताराची, न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे न जाता उंबऱ्याकडे येतं, दोन फरश्या पोकळ, खिडकीची चौकट वाळवीनं खाल्लेली, दिव्याच्या तारा उघड्या, असं करत करत शेवटची पायरीची. मधे चौदावी बाब होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती: 'मागील खोलीच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी भेग. पाया खचल्याची शक्यता. भिंत उतरवून पुन्हा बांधणे.'

कंपाउंडरनं या सगळ्यापायी ठरल्या किमतीतला सातवा हिस्सा कमी मागितला. त्यातला बराचसा चौदाव्या बाबीचा होता. माणूस भला, बोलताना मात्र पुडी बांधून दिल्यासारखा बोलायचा. घाई नाही, म्हणाला. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ विचार करा.

"जेवणाआधी का जेवणानंतर?" गवंडिणीनं विचारलं.

कंपाउंडर हसला, पण आकडा कमी केला नाही.

तो गेल्यावर गवंडी खाटेवर आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, देऊन टाकू. सातवा हिस्सा म्हणजे बरोबर शेडची किंमत होते, असं गवंडिणीनं सांगितलं. जागा मिळेल, शेड मिळणार नाही. उघड्यावर सिमेंटची गोणी ठेवली तर एका सरीत तिचा दगड होतो, हे गवंड्याला सांगायची गरज नव्हती. तरी तिनं सांगितलं.

"शेड नंतर बघू," तो म्हणाला.

"आणि तोवर?"

"तोवर बसेन. माशा मारेन."

"त्याही तुम्हाला एका रेषेत बसलेल्या लागतील," गवंडीण म्हणाली, आणि पेन्सिल शोधायला उठली.

यादी तिनं तीनदा वाचली. काही बाबींपुढे फुली मारली, काहींपुढे टिंब दिलं. फुली म्हणजे आपण करायचं. टिंब म्हणजे दुसऱ्याकडून करून घ्यायचं किंवा त्याचा खर्च आधी नीट विचारायचा. चौथ्या पायरीपुढे तिनं काहीच केलं नाही. ती पायरी चढवताना आपल्याला दिवस गेल्याचं तिनं खालून ओरडून सांगितलं होतं, आणि गवंड्यानं त्या भरात विटांचा एक थर जास्त लावला होता. त्या थराची पोरगी आता सासरी दोन मुलांची आई होती. पायरी खाली उतरवायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोखंडसामानाच्या दुकानात गेली. चुना, सिमेंट, बिजागरी, स्क्रू, वाळवीचं औषध. दुकानदारानं काका नाही आले का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की गवंड्याचं घर तपासणीत नापास झालं म्हणे. गवंडिणीनं प्रत्येक वस्तूची वेगळी पावती मागितली. स्क्रूचीसुद्धा. दुकानदाराला दोन बोटांएवढ्या कागदावर सही करायला लावून ती चढ चढली, डोक्यावर गोणी, कमरेला पिशवी. वाटेत एकदाच टेकली.

सव्वीस वर्षं तिनं नवऱ्याच्या हाताखाली घमेली वाहिली होती. वाळू चाळली, पाणी भरलं, विटा पोचवल्या. थापी तिनं कधी हातात धरली नव्हती. थापी गवंड्याची, घमेलं बिगाऱ्याचं, हे त्या धंद्यात कुणी कुणाला शिकवत नाही. आता गवंड्याला न्हाणीघरात खाली बसता येईना आणि ओणवं होता येईना. तेव्हा तिनं थापी धुतली, हातात धरून वजन बघितलं आणि आत जाऊन फरशी उखडली.

गवंडी दाराशी चौरंगावर बसला. डावा पाय समोर लाकडासारखा सरळ, मांडीशी घमेलं. माल त्यानं कालवायचा, तिनं लावायचा.

"बिगारी," आतून आवाज आला, "माल आणा."

गवंड्यानं माल आणखी एकदा वरखाली केला. मग त्यानं घमेलं उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"पातळ झालाय."

"मजूर नवीन आहे," तो म्हणाला. पडल्यापासून हसला तो पहिल्यांदा तेव्हा, आणि तेही असं, की मागून बघणाऱ्याला खोकला वाटावा.

दिवस तसे गेले. सकाळी थापी, दुपारी कानस आणि करवत. उताराला पाणसळ लावून बघायची, मग तांब्याभर पाणी ओतून बघायचं, कारण पाणसळीवर विश्वास असला तरी पाण्यावर जास्त. पहिल्यांदा पाणी मधेच थबकलं. तिनं सगळा थर खरवडला आणि पुन्हा घातला. दुसऱ्यांदा ते मोरीकडे निघालं आणि वाटेत कुठेही न रेंगाळता गेलं. गवंडी म्हणाला, ठीक आहे. ठीक आहे म्हणायला तो एरवी कामगारांना आठ आठ दिवस वाट बघायला लावायचा.

सिमेंटनं तिच्या बोटांची टोकं सोलून निघाली. भाकरीचं पीठ मळताना चरचरायची. तिनं चिंध्या गुंडाळल्या आणि पन्हळ उतरवली. दरवाजा बिजागरीवरून काढून खालून दोरीभर तासला. पुन्हा बसवल्यावर तो पहिल्याच झटक्यात लागला आणि दोघंही बाहेर राहिली, कारण किल्ली आत होती आणि अंगठ्याचा आता उपयोग नव्हता. गवंडीण खिडकीतून आत गेली. ती चौकट तिनं मुद्दामच शेवटी ठेवली होती.

तारांचं काम तिच्या हातचं नव्हतं. त्यासाठी वायरमनला बोलावलं. तपासनिसानं त्या बाबीपुढे जो खर्च लिहिला होता त्याच्या पाचव्या हिश्श्यात वायरमन करायला तयार झाला. तिनं ते त्याच्याकडून लिहून घेतलं.

नवव्या दिवशी यादीवर एकच बाब उरली, पायरी आणि तारा सोडून.

"चौदावीचं काय?" तिनं विचारलं.

"भेग आहे ती," गवंडी म्हणाला. "तिला काय करणार. जितकं चाळवशील तितकी शोभा."

"कधी पडली?"

तो काठीनं फरशीवरची वाळू सारत राहिला.

गवंडीण भिंतीसमोर उभी राहिली. मागची खोली घराला नंतर जोडलेली, सात वर्षांनी. त्या उन्हाळ्यात काळ्या डांबरी कागदाची गुंडाळी तिनंच डोक्यावरून चढ चढवून आणली होती. उन्हानं डांबर पाघळलं आणि केसांत उतरलं. कानाच्या वरचे चार बोटं केस कापावे लागले होते, आणि बाहेर जाताना पदर घट्ट ओढून घ्यावा लागत होता. बाई बाकी काही विसरेल, हे विसरत नाही.

"तो डांबरी कागद कुठे घातलात तुम्ही?"

गवंड्यानं मान वर केली.

मग हळूहळू सगळं निघालं. जुनं घर आपल्या पायावर बसून झालं होतं, नव्या खोलीचा पाया अजून बसायचा होता. दोघांना एकत्र बांधलं असतं तर एकानं दुसऱ्याला ओढलं असतं. म्हणून गवंड्यानं मधे बोटभर जागा सोडली आणि तीत डांबरी कागद उभा केला. शहाण्या माणसाचं काम. पण खोली बघायला धंद्यातलेच चौघं आले आणि म्हणाले, दुसऱ्याच्या घराला भिंत, स्वतःच्या घराला फट. मापात चुकला, म्हणाले. गवंड्यानं तीन महिने ऐकून घेतलं. मग एका दुपारी कुणाला न विचारता ती फट सिमेंटनं ठासून लिंपली आणि वर रंग मारला. नवी खोली पुढच्या वर्षी केसभर बसली, बसायचीच होती, आणि सिमेंट उभं चिरलं. सोडला होता सांधा. चेष्टेच्या भीतीनं त्याची भेग झाली. तेव्हापासून गवंडीही तिला भेगच म्हणत आला होता, आणि माणूस एखाद्या गोष्टीला सोळा वर्षं भेग म्हणत राहिला की त्याला ती भेगच दिसते.

गवंडीण आत जाऊन छिन्नी आणि हातोडी घेऊन आली.

"अगं, तो भाव पाडायला निमित्त शोधतोय," गवंडी म्हणाला, "आणि तू त्याला भगदाड करून देतेस."

"हो. त्याला आत डोकावता आलं पाहिजे."

स्टुलावर चढून तिनं वरून सुरुवात केली. सिमेंट लोखंडासारखं होतं. मूळ काम नाजूक हातानं केलं होतं, लपवायचं काम मात्र गवंड्यानं रागानं केलं होतं, आणि रागाचं काम नेहमी जास्त मजबूत निघतं. संध्याकाळपर्यंत हातभर उकरलं गेलं आणि आत सिमेंटशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी हातभर. धूळ डोळ्यांत, दातांत, चिंध्यांच्या आत. गवंडी दोनदा म्हणाला, राहू दे. तिसऱ्यांदा म्हणाला नाही, कारण तिसऱ्यांदा ती स्टुलावरून त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

छातीच्या उंचीवर छिन्नी मऊ कशात तरी शिरली. गवंडिणीनं ती ओढून नाकाशी नेली. मग नवऱ्यापुढे धरली.

टोक काळं होतं.

गवंडी चौरंगावरून उठला. काठी विसरून तीन पावलं आला. फटीत बोट घातलं, आत-बाहेर फिरवलं, वास घेतला. मग त्यानं खुंटीवरचा ओळंबा मागितला आणि परांचीवरून पडल्यापासून पहिल्यांदा दोरी सोडली. शिसं हललं, डोललं, स्थिर झालं. वरपासून खालपर्यंत फट आणि दोरी यांच्यात सुताचाही फरक नव्हता. भेग अशी पडत नाही. भेगेला वाट माहीत नसते. ती जिथे भिंत दुबळी असेल तिथून वेडीवाकडी जाते. ही कुणीतरी आखून सोडलेली होती.

"तपासनिसाला बोलवा," गवंडीण म्हणाली.

कंपाउंडर आधी एकटाच आला. भिंत बघून त्याचा चेहरा पडला.

"हे तर वाढलंय, वहिनी."

"वाढलं नाही. उघडलंय."

दुसऱ्या तपासणीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न निघाला. गवंडिणीनं सांगितलं, की भेग ठरली तर आम्ही देऊ आणि सातवा हिस्साही सोडू. नाही ठरली तर तपासनिसाचे पैसे तुमचे आणि किंमत ठरल्याप्रमाणे. गवंड्यानं घसा खाकरला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. कंपाउंडरनं जरा वेळ मनात मापं घेतली आणि हो म्हणाला.

तपासनीस आला तो त्याच टोपीत. फटीपुढे उभा राहून त्यानं टॉर्च लावला. टकटक केलं नाही. टॉर्च वरून खाली नेला, खालून वर आणला. बोटाच्या नखानं डांबर खरवडलं. मग दोन्ही बाजूंना हातोडी हलकेच मारली आणि कान लावला, आणि या वेळी भिंतीनं त्याला काहीतरी वेगळं सांगितलेलं दिसलं. तो ओणवा होऊन जमिनीलगत बराच वेळ बघत राहिला. कंपाउंडर दारात, कंपाउंडरची बायको त्याच्यामागे, गवंडीण चुलीच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून.

"पाये वेगळे आहेत?" तपासनिसानं खालूनच विचारलं.

"वेगळे," गवंडी म्हणाला. "जुना चार फूट, नवा पाच. एकमेकांत कुठे अडकवलेले नाहीत."

"हा सोडला कुणी?"

"मी."

तपासनीस उभा राहिला. त्यानं आपले कागद चाळले, एका जागी थांबला.

"तुम्ही म्हणाला होतात, तो गवंडी काम करत नाही."

"करत नाही," गवंडी म्हणाला. "केलेलं आहे."

तपासनिसानं टोपी काढली. घाम पुसायलाच काढली असेल. पण गवंडिणीनं त्याचा तसा अर्थ लावला नाही. तो लिहू लागला. गवंडीण त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. त्यानं लिहिलं होतं, 'भेगसदृश सांधा'.

"सदृश नको," ती म्हणाली.

"तशी शेऱ्याची पद्धत असते, बाई."

"भेग खोडा. सांधा लिहा."

त्यानं तिच्या चिंध्या गुंडाळलेल्या बोटांकडे बघितलं. मग रेघ मारली, दोनदा मारली, आणि वर 'सांधा' असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली सही केली. जाताना गवंड्याला त्यानं विचारलं, की आता हा बंद कसा करणार. काथ्या आणि डांबर, गवंडी म्हणाला, वर लाकडी पट्टी, आणि पट्टीला खिळे एकाच बाजूनं. दोन्ही बाजूंनी मारले तर पुन्हा एकाला दुसऱ्याशी बांधल्यासारखं. तपासनिसानं हे वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. तो कागद त्यानं यादीला जोडला नाही, खिशात ठेवला.

कंपाउंडर एवढ्यात हार मानणारा नव्हता. चौदावी गेली तरी बावीस उरतात, म्हणाला. गवंडिणीनं डब्यातून पावत्या काढून खाटेवर मांडल्या. बिजागरीची, चुन्याची, वाळवीच्या औषधाची, स्क्रूची. न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. दरवाजा लावून दाखवला, या वेळी किल्ली हातात ठेवून. तारांचं काम वायरमन एवढ्या पैशांत करतो, हा त्याचा कागद. हवं तर आम्ही करून देतो, हवं तर तेवढं किमतीतून वळतं करा. कंपाउंडरनं पावत्या उलटसुलट केल्या, स्क्रूच्या पावतीवर थोडा थांबला, आणि म्हणाला, वळतं करा.

"आणि ती पायरी?" त्याच्या बायकोनं विचारलं. ती नुकतीच माळ्यावरून उतरली होती आणि पायाची करंगळी धरून उभी होती.

"ती तशीच मिळेल," गवंडीण म्हणाली. "चार दिवसांत पायाला कळतं."

महिना संपायला पाच दिवस असताना खरेदी झाली. भट्टीवाल्याला शेडसकट पैसे मिळाले. त्यानं आपल्याला असं वाटलंच नव्हतं, असं बोलून दाखवलं, आणि गवंडिणीनं त्याच्याकडूनही पावती घेतली. शेडच्या एका कोपऱ्यात चूल मांडली आणि पहिल्याच आठवड्यात साचे लागले. गवंडी उंच स्टुलावर बसून पाय सरळ सोडून खांब ओतू लागला. गावात बातमी फिरली, की तपासनिसानं स्वतः टोपी काढली. ती फिरता फिरता अशी झाली, की तपासनीस पाया पडला. ज्या चौघांनी मापात चुकला म्हणून हसून घेतलं होतं, त्यातला एक स्वतःच्या घराच्या जोडणीत किती जागा सोडायची ते विचारायला आला. गवंड्यानं त्याला अर्धा तास उभं ठेवलं आणि मग बोटभर म्हणून सांगितलं. लोखंडसामानाचा दुकानदार चाळीस खांबांची मागणी घेऊन आला तेव्हा थापी गवंडिणीच्या हातात होती. तिनं त्याला माल चालतो का म्हणून विचारलं आणि सही करायला कागद पुढे केला.

पंधरा दिवसांनी माळ्यावर राहिलेली सुतळीची गुंडी आणायला ती चढ चढून जुन्या घरी गेली. कंपाउंडरची बायको दार उघडायला आली. तिला आत घेतलं, चहा दिला. गवंडीण कप घेऊन सवयीनं मागच्या खोलीत गेली.

कंपाउंडरचं कपाट मोठं होतं. ते दुसऱ्या कुठल्याच भिंतीला बसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते सांध्यापुढे उभं केलं होतं.